मान मोडून घेण्याआधी

प्रश्न : माझं वय ६२. मान सतत आखडलेली असते. कायरोप्रॅक्टिकने मणके ‘जागेवर बसवले’ की मज्जासंस्था सुधारते, असं ओळखीचे सांगतात. दोन महिन्यांचा नातू संध्याकाळी फार रडतो, त्याच्या डोक्यावर ‘क्रेनियल’ उपचार करून घ्या, असंही सुचवलंय. करावेत का?

उत्तर : तुमच्या मानेला झटका देऊ नका आणि नातवाला हे उपचार नकोत. कारणं सांगतो.

कायरोप्रॅक्टिक १८९५ मध्ये अमेरिकेतल्या डेव्हनपोर्ट गावी डॅनियल पामर यांनी सुरू केलं. ऐकू न येणाऱ्या एका सफाई कामगाराचा मणका आपण दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागलं, असा त्यांचा दावा होता. मणका सरकला की मज्जातंतूचं काम बिघडतं आणि आजार होतात, हा विचार त्यातूनच पुढे आला. पण ऐकण्याचा मज्जातंतू मेंदूतून थेट कानात जातो, पाठीच्या कण्यात उतरतच नाही.

झटका दिल्यावर ‘कट्’ असा आवाज येतो, तो सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी झाल्याचा. मणका जागेवर बसल्याचा नव्हे. आखडलेले स्नायू थोडा वेळ सैलावतात, म्हणून बरं वाटतं. कंबरदुखीत अशा उपचारांनी काहींना आराम पडतो, साधारण व्यायामाने पडतो तितकाच. दमा, पचन किंवा प्रतिकारशक्ती सुधारते, याला मात्र भक्कम पुरावा नाही.

मानेची गोष्ट अधिक नाजूक आहे. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधल्या छिद्रांतून वर चढतात. मान जोरात पिळली तर धमनीचं आतलं अस्तर फाटू शकतं, तिथे गुठळी होते आणि पक्षाघाताचा धोका निर्माण होतो. असं क्वचितच घडतं, पण घडलं तर आयुष्यभराचं नुकसान होऊ शकतं. सलूनमध्ये चंपीनंतर हनुवटी धरून मान मोडतात, त्यालाही हेच लागू आहे. हाडं ठिसूळ असतील किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर झटका पूर्ण टाळा.

क्रेनियल उपचारांची कल्पना विल्यम सदरलँड या अमेरिकी ऑस्टिओपॅथची. कवटीची हाडं किंचित हलतात, हलक्या स्पर्शाने मेंदूभोवतीच्या द्रवाची लय सुधारता येते, असं ते मानत. त्यातूनच निघालेल्या क्रेनिओसेक्रल पद्धतीत जेमतेम ५ ग्रॅम दाब देतात. शांत पडून राहिल्याने मोठ्या माणसाला बरं वाटेलही, पण मोठ्यांच्या कवटीची हाडं सांध्यांत घट्ट गुंतलेली असतात, एवढ्या दाबाने ती हलत नाहीत. बाळाची टाळू मऊ असते, तिच्यावर कुणाचेच प्रयोग नकोत.

निरोगी बाळाचं संध्याकाळचं रडणं बहुधा तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. त्याला कुशीत घ्या, ढेकर काढा, आणि त्याच्या आईलाही झोप मिळू द्या. ताप, दूध न पिणं, हिरवी उलटी, मलूलपणा किंवा फुगलेली टाळू दिसली, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्या.

तुमच्यासाठी : मोबाइल डोळ्यांसमोर धरा. ताठ बसून हनुवटी सरळ मागे घ्या, पाच सेकंद धरा, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. गरम पाण्याच्या पिशवीने शेका. दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, तर डॉक्टरांना दाखवून नोंदणीकृत फिजिओथेरपिस्टकडे जा.

मानेत किंवा डोक्याच्या मागे अचानक असह्य दुखलं, तोल गेला, बोबडी वळली, एकाचे दोन दिसू लागले, तर लगेच रुग्णालय गाठा. हातापायांत बळ उरलं नाही, बसण्याच्या जागी बधिरता आली किंवा लघवी अडली, तरीही तेच. अशा वेळी मालीश, झटका, घरगुती उपाय यांत एक तासही घालवू नका. मज्जासंस्थेला त्या घडीला खरी गरज वेळेवर मिळालेल्या उपचारांची असते.