बायका कामाला ठेवणार असाल, तर पुण्यात गाळा कुठे घ्याल?

पॅकिंगला, शिलाईला, बिलिंगला तुमच्याकडे बायका येणार असतील, तर भाड्याचं नंतर बघू. आधी जागा बघायला सकाळी अकराला जाऊ नका, संध्याकाळी साडेसातला जा. गाळ्यापासून बसथांब्यापर्यंत चाला. दिवे लागतात का? दुकानं उघडी असतात का? बस किती वेळाने येते?

आता तुलना करू. नऱ्हे-धायरीला शेड आणि गाळे भरपूर, पेठांपेक्षा स्वस्तही. पण तिथे मेट्रो नाही. जिच्याकडे स्कूटी नाही, तिची संध्याकाळ रिक्षाची वाट बघण्यात जाते. लक्ष्मी रोडचं भाडं ऐकून घाम फुटतो हे खरं, पण रात्री उशिरापर्यंत रस्त्यावर वर्दळ असते आणि सप्टेंबर 2024 पासून मंडईला मेट्रोही आहे. कोथरूड मला मधला मार्ग वाटतो. वनाजपासून मेट्रो, जवळपास पाळणाघरं, पोळी-भाजी केंद्रं.

हिंजवडी? तिथल्या मोठ्या आयटी कंपन्यांतली मुलगी सांगेल, काही त्रास नाही. कारण तिला बऱ्याचदा कंपनीची कॅब असते. तुमच्या पॅकिंगवालीला कोण सोडणार?

जरा हिशोब मांडा. समजा, लांबचा गाळा महिन्याला 8,000 रुपयांनी स्वस्त पडला. वर्षाचे 96,000 वाचले. पण वर्षभरात चार बायका सोडून गेल्या. नवीन बाईचा पहिला दीड महिना शिकण्यातच जातो. पगार 16,000 धरला, तर एकीमागे 24,000, चौघींचे 96,000. झाली बचत! बिघडलेला माल तर यात धरलेलाच नाही.

म्हणून नऱ्हे वाईट असं नाही हं. नऱ्ह्यातल्याच, चालत येणाऱ्या बायका मिळाल्या तर तीच जागा सोन्यासारखी. फक्त शिफ्ट दहा ते सातऐवजी नऊ ते सहा ठेवा, म्हणजे मुलाला पाळणाघरातून वेळेत आणता येतं.

आणखी एक, जे ब्रोकर कधीच दाखवत नाही: संडास. कडी लागते का, पाणी असतं का, वेगळा आहे का, हे स्वतः उघडून बघा. सामायिक संडासाला कुलूप आणि किल्ली तिसऱ्याच माणसाकडे, असं असेल तर तो गाळा सोडा.

कायद्याचंही लक्षात ठेवा. दुकाने व आस्थापनांच्या 2017 च्या राज्य कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत महिलेला कामावर ठेवायचं, तर तिची संमती आणि सुरक्षेची सोय दोन्ही लागतं. दहा किंवा जास्त माणसं असतील, तर 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती नेमावी लागते.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या यादीतले दोन गाळे घ्या. तुमच्याकडे येऊ शकतील अशा तीन बायकांना विचारा, घरापासून दारापर्यंत किती मिनिटं आणि किती रुपये लागतील. ते आकडे भाड्याशेजारी लिहा, मगच डिपॉझिटचा चेक फाडा.