रॉ फोटो : शंका-समाधान

शंका : बहिणीच्या लग्नात पहिल्यांदाच रॉमध्ये फोटो काढले. कॅमेऱ्यावर झकास दिसत होते, लाइटरूममध्ये उघडले तर सगळे मरगळलेले. कॅमेरा बिघडला का? स्लायडर हलवून मूळ फोटोच खराब झाला तर? हात लावायला धजत नाही.

समाधान : कॅमेरा ठणठणीत आहे. त्याच्या पडद्यावर दिसतो तो रंग आणि कॉन्ट्रास्ट चढवलेला जेपेग. रॉ म्हणजे सेन्सरने टिपलेला कच्चा माल. लाइटरूम मूळ चित्राला धक्का लावत नाही, तुमचे बदल फक्त सूचना म्हणून नोंदवते. रीसेट केले की फोटो पहिल्यासारखा. निर्धास्तपणे हलवून पाहा.

शंका : भर उन्हात दाजींचा सदरा पांढराफटक आलाय. हायलाइट्स थेट -100 वर नेलं. बाहीवरची वीण दिसायला लागली, पण खांद्यावर नुसता राखाडी डाग! माझं काय चुकतंय? हे फोटो परत थोडेच काढता येणार?

समाधान : संपादनात तुमचे काही चुकलेले नाही. 14 बिटच्या रॉमध्ये उजेडाच्या 16,384 पायऱ्या असतात, जेपेगमध्ये 256. म्हणूनच बाहीवरची वीण परत आली. खांद्यावर मात्र क्लिपिंग (सेन्सरच्या क्षमतेपलीकडे उजेड जाऊन तपशील पुसला जाणे) झालेले दिसते. खात्रीसाठी एक्स्पोजर -2 करा, म्हणजे उजेड एक चतुर्थांश होईल. तरीही तिथे सपाट राखाडीच दिसली, तर तपशील टिपलाच गेलेला नाही. तो कोणताही स्लायडर आणू शकत नाही.

मग एक्स्पोजर पूर्ववत करून हायलाइट्स -50 च्या आसपास ठेवा आणि खांदा पांढराच राहू द्या. उन्हातला पांढरा सदरा चमकतोच, पाहणाऱ्याला ते खटकत नाही; राखाडी डाग नक्की खटकतो. चेहरे काळवंडले असतील तर शॅडोज वाढवा, पण बेताने. फार ओढल्यास नॉइज (रवाळ ठिपके) वर येतो.

शंका : मंगलाष्टकांच्या काही फोटोंचा खालचा अर्धा भाग जांभळा झालाय. आई रोज विचारतेय. कोणता स्लायडर वापरू?

समाधान : हे स्लायडरचे काम नाही, फाइल खराब झाली आहे. कदाचित फक्त कॉपी अर्धवट झाली असेल, म्हणून दुसऱ्या कार्ड रीडरने एकदा पुन्हा कॉपी करून पाहा. तेवढ्याने भागले नाही, तर डेटा रिकव्हरी करणाऱ्या तज्ज्ञाकडेच जा. तोवर त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नका आणि ते फॉरमॅट करू नका.