नदीच्या वेगाने जा

चि. निखिल यास,



दादा-वहिनीला घेऊन पासाऊ ते बुडापेस्ट बोटीने जायचं ठरवलंस, याचा मला फार आनंद झाला. तू पाठवलेलं वेळापत्रक वाचलं. दर गावात सहा-सात ठिकाणं लिहिली आहेस. त्यांतली बहुतेक काढून टाक, हे सांगायलाच हे पत्र. ही गावं डॅन्यूबच्या काठी वाढली. तेव्हा प्रत्येक ठिकाणी एकच विचार: नदीने या गावाला काय दिलं आणि त्याच्याकडून काय घेतलं? उत्तर जिथे सापडेल तिथे निवांत थांब.

पासाऊत ते लगेच सापडेल. आल्प्समधून येणारी इन आणि काळसर पाण्याची इल्झ तिथे डॅन्यूबला मिळतात. संगमावर पाण्याचे वेगळे रंग दादाला दाखव. मग जुन्या टाउनहॉलच्या भिंतीवरच्या पुराच्या खुणा बघा. जून 2013 मध्ये पाणी 12.89 मीटरपर्यंत चढलं होतं. ती रेघ पाहिलीस की आजूबाजूच्या घरांत राहणाऱ्यांच्या चिवटपणाची कल्पना येईल.

मेल्क ते क्रेम्स हा वाखाऊचा पट्टा दिवसा लागला, तर तिघंही डेकवर बसा. उतारावर दगडी बांध घालून केलेले द्राक्षमळे आणि जर्दाळूच्या बागा दिसतील. ड्युर्नश्टाइनला वर पडका किल्ला आहे. इंग्लंडचा राजा रिचर्ड 1192 च्या हिवाळ्यात तिथे कैदेत होता; त्याच्या खंडणीच्या चांदीतून व्हिएन्नाची तटबंदी वाढली. ती चढण दादाच्या गुडघ्यांना झेपणार नाही. त्याला आग्रह करू नकोस, खालूनही किल्ला छान दिसतो.

वाटेत धरणांपाशी बोट लॉकमध्ये शिरेल. मागचा दरवाजा बंद होतो, आतलं पाणी सोडलं जातं आणि एवढी मोठी बोट अलगद खाली उतरते. वहिनीला हे एकदा तरी दाखवच.

ब्रातिस्लाव्हात सेंट मार्टिन कॅथेड्रल पुरे. हंगेरीची राजधानी बुडा तुर्कांच्या हाती गेल्यावर तिथल्या राजांचे राज्याभिषेक या कॅथेड्रलमध्ये होऊ लागले, ते 1830 पर्यंत.

बुडापेस्टला 1849 चा साखळी पूल रात्री दिव्यांत पाहा. पण त्याआधी दिवसा पार्लमेंटजवळच्या काठावर जा. तिथे लोखंडी बुटांचे 60 जोड मांडले आहेत. 1944-45 मध्ये ॲरो क्रॉस या हंगेरियन फॅसिस्ट पक्षाच्या लोकांनी ज्यूंना बूट काढायला लावून याच काठावर गोळ्या घातल्या आणि प्रेतं नदीत लोटली. फोटो काढण्याआधी आई-बाबांना ही हकिगत सांग, आणि थोडा वेळ काही बोलू नका.

पाणी फार चढलं तर बोट पुलांखालून जाऊ शकत नाही, फार उतरलं तर तळ टेकतो. मग काही टप्पे बसने करावे लागतात. तसं झालं तर कर्मचाऱ्यांशी वाद घालू नकोस. निघण्याआधीची दोन कामं विसरू नकोस. शेंगेन व्हिसाचा अर्ज ज्या देशात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा असतो, तो वेळेत कर. रस्ते दगडी आहेत, दोघांना मऊ तळाचे बूट घे.

दादा जन्मभर गाड्या पकडत, घड्याळ बघत धावला. त्याला इथे तरी कुणी घाई करू नये, अगदी तूही. कमी पाहा, पण तिघांनी मिळून पाहा.

तुझी,
आत्या