शेळी आणि परसबाग : गावठाणातला जिवंत पाठ



'भाजी कुठून येते?' असं वर्गात विचारून बघा. 'मार्केटमधून', 'ॲपवरून' ही उत्तरं हमखास येतात. आपली मुलं जिथे राहतात तिथेच एकेकाळी भातशेती आणि मिठागरं होती. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि 95 गावांच्या जमिनीवर नवी मुंबई उभी राहू लागली. आजही घणसोली, कोपरखैरणेसारखी गावठाणं टॉवरच्या शेजारीच आहेत. पनवेल, उरणकडच्या गावांत दारात शेळी आणि मांडवावर वेल अजून बघायला मिळतो. परिसर अभ्यासासाठी याहून चांगलं काय हवं?

शेळी काय शिकवते?

शेळी रवंथ करते, तिच्या पोटाचे चार कप्पे असतात, हे पुस्तकात आहेच. पण ती गाईसारखी नुसतं खाली गवत चरत नाही, मान वर करून झाडपाला ओरबाडते, हे बघितल्याशिवाय कळत नाही. म्हणूनच बागेला कुंपण आधी, शेळी नंतर!

गणितही इथेच आहे. शेळीचा गाभणकाळ साधारण 150 दिवसांचा. 15 जूनला फळलेली शेळी कधी विणार? मुलांना कॅलेंडर घेऊन मोजू द्या. उत्तर येईल 12 नोव्हेंबरच्या आसपास. उस्मानाबादी शेळीला बऱ्याचदा जुळी करडं होतात, हेही सांगा.

आपल्याकडचा पाऊस शेळीला सोसत नाही. ओल्या जमिनीवर खूर सडतात. म्हणून गोठा उंचावर आणि कोरडा हवा, आणि लसीकरण वेळेवर हवं. रस्त्याच्या दुभाजकावर छाटून पडलेला पाला मुलं उचलून आणतील, तर सावध राहा. त्यात कण्हेर असते आणि ती विषारी आहे.

बाग काय शिकवते?

पावसाळ्यात भेंडी, काकडी, शिराळं, पडवळ. थंडीत मेथी, पालक, मुळा, वाल. उन्हाळ्यात लाल माठ. वालाच्या शेंगा आल्या की रायगडात पोपटी लागते. म्हणजे सण आणि ऋतूही बागेतूनच समजतात.

भाजीचे देठ, जून पाला शेळीला. शेळीच्या लेंड्या दोन-तीन महिने कुजवल्या की झाडांना खत. हे चक्र मुलांनी वहीत काढावं. फ्लॅटमध्ये शेळी पाळता येणार नाही, आग्रहही नको. खिडकीत दोन कुंड्या लावा, लेंडीखत गावठाणातल्या एखाद्या घरून आणा. त्या आजींशी मुलं बोलतील, तोही पाठच.

अवघड प्रश्न

एक दिवस मूल विचारेल, 'बोकड कुठे गेला?' इथे 'मामाकडे गेला' असं सांगू नका. विकला, खाटकाकडे गेला, त्या पैशातून त्या घरातल्या ताईची फी भरली, हे वयाला झेपेल अशा शब्दांत सांगा. मूल रडलं तर रडू द्या. कुणी मटण खाणारं असेल, कुणी न खाणारं. दोघांनाही हे माहीत असायला हवं. जीव सांभाळणं म्हणजे रोज पाणी, चारा, झाडलोट, आणि शेवटी हा निर्णयही. पाळणाऱ्या घराला तो सोपा नसतो, हे समजलं की मुलं त्या घराकडे आदराने बघतात.

करून बघा : एक मेथीची कुंडी, एक नोंदवही. पेरल्याची तारीख, उगवल्याची तारीख, पहिल्या जुडीचं वजन. त्या दिवशीची भाजी ताटात टाकून कोणी उठणार नाही.