आत्याबाईंच्या फेरफटक्याला संमती कोणाची?

प्रश्न : माझ्या ७४ वर्षांच्या आत्याबाई पक्षाघातानंतर चाकाच्या खुर्चीवर असून येथील एका निवासी संस्थेत राहतात. रंकाळ्यावर जावे, पासबुक स्वतःजवळ ठेवावे, असा त्यांचा आग्रह आहे. व्यवस्थापक माझे संमतिपत्र मागतात. द्यावे का?
— एक भाची, कोल्हापूर

उत्तर : भगिनी, आपली काळजी स्वाभाविक आहे, परंतु संस्थेत नाव दाखल होताच सज्ञान व्यक्तीची मुखत्यारी नातलगांकडे वर्ग होते, ही समजूत निराधार होय. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम ५ ने निवासाची व कलम १३ ने आर्थिक व्यवहाराची निवड त्या व्यक्तीच्याच हाती ठेवली आहे. कोल्हापूरकरांस हे नवे नसावे : स्वतः चाकाच्या खुर्चीवर असलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था येथेच उभारली, ती केवळ निवाऱ्यासाठी नव्हे, तर शिक्षण व रोजगार यांच्या बळावर अपंगांनी स्वावलंबी व्हावे म्हणून.

तेव्हा आत्याबाईंच्याच सहीचा कागद करावा : सोबत कोण, परतण्याची वेळ कोणती, औषधे कोणती. स्नानाची वेळ, भाकरी की भात, खोलीचे दार लोटून घेण्याची मुभा, या बाबी क्षुल्लक गणल्या जातात. माझ्या मते मनुष्य खचतो तो बहुधा तेथेच. स्मृतिभ्रंशाची शंका असल्यास मात्र वैद्यकीय सल्ला अवश्य घ्यावा, आणि कोऱ्या कागदावर कोणीही सही करू नये. हरकत कायम राहिल्यास पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते. अपंगत्वाचा दाखला तत्पूर्वी काढून ठेवावा.