अर्धा माणूस मोजता येत नाही

भाकरी अर्धी करता येते, माणूस नाही. पूर्णांक नियोजन ही गणितशाखा या साध्या भेदावर उभी आहे.

नाटक, गायन आणि लेझीम यांपैकी कोणत्याही दोहोंत एखादा विद्यार्थी सामाईक आहे, असे समजू. मग एका वेळी जास्तीत जास्त किती कार्यक्रम होतील? निवडलेल्यास १ व वगळलेल्यास ० मानल्यास कोणत्याही दोहोंची बेरीज १ हून अधिक नसावी. अपूर्णांक चालवले, तर प्रत्येकी अर्धा मिळून उत्तर दीड येते. ते अर्धे वर ढकलले तर अटी मोडतात. खाली ढकलले तर हाती शून्य उरते.

म्हणून तिन्ही अटी मिळवून दोनाने भागू. तिघांची बेरीज दीडहून अधिक नाही. ती पूर्णांक असल्याने १ हून अधिक नाही. या नव्या अटीने एकही खरे उत्तर न गमावता खोटे तेवढे छाटले. भूमितीच्या भाषेत, अटींनी घडलेल्या बहुफलकाचा एक कोपरा कापला गेला.

१९५४ मध्ये डँट्झिग, फुल्कर्सन व जॉन्सन यांनी अशाच छेदांनी अमेरिकेतील ४९ शहरांचा लघुतम फेरमार्ग सिद्ध केला. १९५८ मध्ये गोमोरी यांनी छेद शोधण्याची सर्वसाधारण रीत दिली.

आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही हेच सांगतो: उत्तर जवळच्या आकड्याकडे ढकलू नका, अट अधिक नेमकी करा.