प्रमेह, भाकरी आणि एकादशी

‘ज्वारी चालते’ म्हणून भाकऱ्या न मोजणारे मधुमेही गंगाखेड परिसरात नित्य भेटतात. परंतु ज्वारी असो वा गहू, 100 ग्रॅम पिठात कर्बोदके सुमारे 70 ग्रॅमच; मात्रेला पर्याय नाही. चरकाचार्यांनी प्रमेहात यव प्रधान मानला. त्यातील बीटा-ग्लुकॅन हा विद्राव्य तंतू शर्करेचे शोषण मंदावतो.

खरी अडचण एकादशीची, आणि जनाबाईंच्या या जन्मगावी ती सहसा चुकत नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. रक्तशर्करा झपाट्याने चढते. उलट, ग्लिमेपिराइड वा इन्सुलिन घेऊन निराहार राहिल्यास ती धोकादायकरीत्या उतरते. वैद्यबंधूंनी व औषधविक्रेत्यांनी गुडमारचूर्ण देतानाही चालू गोळ्या अवश्य विचाराव्यात. भगर मोजून, शेंगदाण्याची आमटी व काकडीसह द्यावी. गोळ्यांची मात्रा मूळ चिकित्सकाकडून आदल्या दिवशीच ठरवून घ्यावी.